डॉ. भाऊ दाजी लाड आणि कडू कवठीचं तेल

मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत जाणारी बरीचशी मंडळी पेंग्विन बघून परततात. बागेच्या फाटकाजवळच मुंबईचं सर्वांत जुनं संग्रहालय आहे. १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं गेलं. माटुंग्याला त्यांच्या नावाचा एक रस्ताही आहे. एवढं सोडलं तर हा माणूस कोण होता, हे आज फारसं कुणाला सांगता येत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना भाऊ दाजी भेटतात ते कालिदासाच्या काळाविषयी लिहिणारे संशोधक म्हणून. इतिहासवाल्यांना ते शिलालेख वाचणारे म्हणून माहीत असतात. पण पोटापाण्याचा आणि जिवाभावाचा त्यांचा धंदा डॉक्टरकीचा होता. आणि डॉक्टर म्हणून त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं एका अशा आजारामागे घालवली ज्याला त्या काळी कुणी हात लावायला तयार नव्हतं. तो आजार म्हणजे कुष्ठरोग, तेव्हाच्या भाषेत महारोग. औषधांना दाद न देणारे त्वचेचे संसर्ग आणि त्यांच्यासाठी नॅनोकणांची औषधं हा आज मोठा विषय झाला आहे. त्या विषयाकडे जायची वाट मला भाऊ दाजींच्या दवाखान्यातून जाताना दिसते, म्हणून हा लेख.

गोव्याहून मुंबईला

भाऊ दाजींचा जन्म १८२२ च्या सुमारास गोव्यात, पेडणे भागातल्या मांद्रे इथे एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. कागदोपत्री नाव वेगळं होतं. भाऊ हे हाक मारायचं नाव, आणि दाजी हे वडिलांचं. घरची परिस्थिती बेताची. वडील मुलांना घेऊन मुंबईला आले. भाऊ लहानपणापासून बुद्धिबळात पटाईत होता. त्याचा खेळ बघून एका इंग्रज माणसाने वडिलांच्या मागे लागून मुलाला इंग्रजी शिकवायला लावलं, अशी हकिगत त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण झालं आणि तिथेच ते काही काळ शिकवायलाही लागले.

त्याच सुमारास त्यांनी एक निबंध लिहिला. विषय होता काठेवाड आणि कच्छमधली मुलींना जन्मताच मारून टाकण्याची चाल. या निबंधाला बक्षीस मिळालं. ऐन तरुण वयात, स्वतःच्या गावाशी काही संबंध नसलेल्या गुजरातेतल्या मुलींसाठी या माणसाने पहिल्यांदा लेखणी उचलली, हे आम्हा गुजरातेतल्या मराठी लोकांनी तरी लक्षात ठेवायला हवं. मी कामरेजला राहते. इथून सुरत शहर वीसेक किलोमीटर. सुरतेत उधना-लिंबायतकडे खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत, पण भाऊ दाजींचा आणि आपल्या या मुलखाचा काही संबंध आहे, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. तो संबंध पुढे आणखी घट्ट होतो.

पहिले आठ

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. शेजारी सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभं राहिलेलं हॉस्पिटल. शिकवणारे डॉ. चार्ल्स मोअरहेड यांच्यासारखे प्राध्यापक. प्रेताला हात लावायचा, ते कापून आतली रचना बघायची, ही गोष्ट तेव्हाच्या सोवळ्या घरातल्या मुलासाठी किती अवघड असेल याची कल्पना करून बघा. मास्तरकी सोडून भाऊ दाजी या कॉलेजात गेले आणि १८५१ च्या पहिल्या तुकडीत पदवी घेऊन बाहेर पडले.

ही तुकडी आठ जणांची. तिच्यात पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे डॉ. आत्माराम पांडुरंग होते, पारशी होते, आणि लिस्बोआ, कार्व्हालो, गोम्स या आडनावांचे कॅथलिकही होते. यांपैकी होझे कामिलो लिस्बोआ हे गोव्याचेच. डॉक्टरकीबरोबर त्यांनी वनस्पतीशास्त्राचा ध्यास घेतला आणि मुंबई इलाख्यातल्या उपयोगी झाडांवर मोठं काम केलं. एकाच बाकावर गोव्यातला सारस्वत आणि गोव्यातला ख्रिस्ती बसले होते, आणि दोघांचंही लक्ष आपल्या मातीतल्या झाडपाल्याकडे होतं. भाऊ दाजींची गोष्ट समजून घेताना हे विसरता येत नाही.

पदवीनंतर भाऊ दाजींनी मुंबईत दवाखाना टाकला. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. शिवाय ते मुंबईतल्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी एक. दोघा भावांनी गरिबांना फुकट औषध देणारा दवाखाना चालवला. भाऊ दाजींच्या हाताला गुण आहे अशी ख्याती पसरली आणि श्रीमंत पेशंटांचीही रीघ लागली. पैसा आला तसा तो पुस्तकं, जुनी नाणी, हस्तलिखितं, शिलालेखांच्या नकला यांवर जाऊ लागला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १८५२ साली जगन्नाथ शंकरशेट आणि इतरांबरोबर बॉम्बे असोसिएशन उभी करण्यात ते होते. तिच्या पहिल्या चिटणिसांपैकी ते एक. १८५७ साली मुंबई विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पहिल्या फेलोंमध्ये त्यांचं नाव होतं. मुलींच्या शिक्षणासाठी ते बोलत राहिले, आणि त्यांच्या नावाने मुलींची शाळाही निघाली. विष्णुदास भावे आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईला आले तेव्हा त्यांना ज्यांचं पाठबळ मिळालं त्यांत भाऊ दाजी होते. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख, जुनागढजवळ गिरनारच्या खडकावरचा रुद्रदाम्याचा लेख, आर्यभट-वराहमिहिरांचे काळ, हे सगळं त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत मांडलं. दिवसभर पेशंट तपासणारा माणूस हे सगळं कधी करत असेल, असा प्रश्न पडतो.

सुरतेच्या महाराजांचा खटला

१८६० साली मुंबईच्या सत्यप्रकाश या गुजराती वर्तमानपत्रात करसनदास मुळजी यांनी वल्लभ संप्रदायातल्या काही महाराजांच्या वागण्यावर कडक लेख लिहिला. सुरतेच्या गादीचे जदुनाथजी महाराज यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. सुरतेचा कवी नर्मद याच महाराजांशी विधवाविवाहावर जाहीर वाद घालायला उभा राहिला होता. १८६२ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खटला चालला आणि सगळ्या शहराचं लक्ष तिकडे लागलं. तो महाराज लायबल केस या नावाने ओळखला जातो.

या खटल्यात करसनदासांच्या बाजूने डॉ. भाऊ दाजी साक्षीला उभे राहिले. वादीच्या गुप्तरोगावर आपण उपचार केले आहेत, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. निकाल मुख्य मुद्द्यावर करसनदासांच्या बाजूने लागला.

आज ही साक्ष वाचताना मन दोन्हीकडे ओढलं जातं. पेशंटचा आजार डॉक्टरने चारचौघांत सांगू नये, हे आपण सगळेच मानतो. दुसरीकडे, कोर्टाने विचारल्यावर खोटं बोलणं किंवा गप्प बसणं म्हणजे एका धाडसी पत्रकाराला वाऱ्यावर सोडणं होतं. श्रीमंत भाटिया समाजातले पेशंट तुटतील, शहरात वैर ओढवेल, हे भाऊ दाजींना कळत नसेल असं नाही. तरी त्यांनी साक्ष दिली. जे माहीत आहे ते लोकांपुढे ठेवायचं, मग किंमत काहीही पडो, असं या ठिकाणी ते वागले. हे मुद्दाम सांगते, कारण महारोगाच्या औषधाच्या बाबतीत त्यांनी याच्या नेमकं उलट केलं.

महारोग आणि कवठी

त्या काळच्या मुंबईत महारोगी रस्त्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर, धर्मशाळांत दिसत. बोटं झडलेली, नाक बसलेलं, अंगावर चट्टे आणि न भरणाऱ्या जखमा. हा रोग रक्तातून घराण्यात उतरतो की हवेतून येतो, की पूर्वजन्मीच्या पापाचा भोग आहे, यावर विद्वानांतही एकमत नव्हतं. घरचे लोक रोग्याला बाहेर काढत. शुभवर्तमानात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो हे आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून त्याचं आपल्याला फार नवल वाटत नाही. पण १८६० च्या दशकात एखादा नामांकित डॉक्टर अशा माणसाला रोज तपासतो, त्याच्या चट्ट्यांना बोट लावून बघतो, ही मोठीच गोष्ट होती.

भाऊ दाजींना संस्कृत येत होतं आणि आधुनिक वैद्यक येत होतं. दोन्ही एकाच डोक्यात असणं हीच त्यांची ताकद. जुने वैद्यकग्रंथ ते नुसत्या अभिमानाने वाचत नव्हते. त्यातली औषधं पेशंटवर देऊन काय होतं ते बघत होते. सुश्रुतसंहितेत कुष्ठासाठी तुवरक नावाच्या झाडाच्या तेलाचा प्रयोग सांगितला आहे, आणि हे झाड पश्चिम समुद्राच्या किनारी होतं असंही त्यात आहे. आता पश्चिम समुद्राचा किनारा म्हणजे कोकण, गोवा, मलबार. भाऊ दाजींच्या जन्मगावचाच मुलूख.

तुवरक म्हणजेच आपली कडू कवठी असं आज मानतात. सह्याद्रीत ओढ्यांच्या काठी हे झाड वाढतं. गोव्याकडे त्याला खष्ट म्हणतात. फळ कवठासारखं गोल आणि टणक, आत गरात बिया. बियांतून तेल निघतं. गावातली माणसं खरूज, नायटा, जुन्या जखमा यांवर ते लावत आली आहेत. बंगाल-आसामकडे याच कुळातल्या चालमोगरा या झाडाचं तेल वापरत, आणि १८५४ साली कलकत्त्याच्या डॉ. मौएट यांनी त्यावर लेख छापून ते युरोपीय डॉक्टरांच्या नजरेला आणलं होतं.

भाऊ दाजींनी महारोग्यांना एक औषध द्यायला सुरुवात केली. काहींचे चट्टे फिके पडू लागले, जखमा भरू लागल्या. मुंबईत बातमी पसरली की भाऊ दाजींना महारोगावर औषध सापडलं. लांबलांबून पेशंट येऊ लागले. ते औषध म्हणजे कवठीच्या बियांचं तेल होतं. पण तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं, कारण भाऊ दाजींनी ते सांगितलंच नाही.

गुपित

चरित्र लिहिणारे लोक बहुधा या ठिकाणी घाईने पुढे जातात. मला इथेच थांबावंसं वाटतं.

औषध गुप्त ठेवलं म्हणून त्यांच्यावर टीका झाली. दुसऱ्या डॉक्टरांना ते तपासता येईना. गुण आला तो औषधामुळे की चांगलं खाणं, स्वच्छता आणि डॉक्टरच्या मायेमुळे, हे ठरवायला काही मार्ग नव्हता. महारोगाचं स्वरूपही फसवं असतं. काही चट्टे आपोआप फिके होतात, काही पेशंट वर्षभर बरे दिसतात आणि मग आजार उलटतो. अशा रोगावर औषध लागू पडतं असं म्हणायचं तर अनेक डॉक्टरांनी, अनेक ठिकाणी, अनेक वर्षं ते देऊन बघायला हवं.

वैद्यकी घराण्यांत औषध गुप्त ठेवायची रीत जुनीच आहे. बापाने मुलाला मरताना सांगायचं, नाही तर ते बरोबर न्यायचं. भाऊ दाजी तसल्या घराण्यातले नव्हते. ते ग्रँट मेडिकलचे पदवीधर. एखाद्या शिलालेखातलं एक अक्षर नव्याने लागलं तरी ते लगेच सोसायटीपुढे वाचून दाखवत, म्हणजे कुणालाही ते चुकीचं ठरवता यावं. तीच शिस्त त्यांनी औषधाला लावली नाही. पक्की खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही असं त्यांच्या मनात असू शकतं. अर्धवट माहितीवर भोंदू लोक बाजार मांडतील, ही भीतीही खोटी नव्हती. पण खात्री करून घ्यायलाच तर ते दुसऱ्यांच्या हाती द्यावं लागतं. माझ्या मते हा त्यांच्या आयुष्यातला खरा दोष आहे, आणि तो मोठ्या माणसाचा असल्यामुळे त्याची किंमतही मोठी आहे.

त्याच काळात मुंबईत आणखी एक माणूस महारोगाच्या मागे होता. हेन्री व्हॅनडाइक कार्टर. ग्रेज अॅनाटॉमी या जगप्रसिद्ध पुस्तकातली चित्रं याच माणसाने काढली. १८५८ साली तो मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकलमध्ये शिकवू लागला. १८७३ साली तो नॉर्वेला गेला. तिथे बर्गेन शहरात त्याच वर्षी गेरहार्ड हॅनसेन याने रोग्यांच्या गाठींमध्ये बारीक काड्यांसारखे जंतू पाहिले होते. महारोग हा पापाचा भोगही नाही आणि रक्तातून येणाराही नाही, तो एका जिवाणूमुळे होतो, हे तिथून सिद्ध व्हायला लागलं. भारतात परतल्यावर कार्टरने हे मत जोराने मांडलं.

भाऊ दाजींना याचा उपयोग झाला नाही. १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईचा शेअर बाजार बुडाला. त्यात त्यांचा पैसा गेला. तरी शहरात मान होता. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. ज्या संग्रहालयासाठी त्यांनी वर्गण्या गोळा केल्या होत्या ते १८७२ साली उघडलेलं त्यांनी पाहिलं. नंतर पक्षाघाताने गाठलं आणि मे १८७४ मध्ये ते गेले. वय पन्नाशीच्या जरा पुढे. कवठीच्या तेलाची नीट चाचणी त्यांच्या डोळ्यांसमोर कधी झाली नाही.

भाऊ दाजींच्या मागे

१८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. अॅकवर्थ यांनी माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रम काढला. वडाळ्याचं आजचं अॅकवर्थ हॉस्पिटल ते हेच. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी सांगते, मराठी पोवाडे गोळा करून शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर छापणारे अॅकवर्थ तेही हेच.

कवठीच्या आणि चालमोगऱ्याच्या तेलाची अडचण वेगळीच होती. ते पोटात घेतलं की उलटी होई. कातडीवर चोळलं तर वरच राहत असे. सुईने टोचलं तर इतकं दाट की जागीच गोळा होऊन राही, प्रचंड दुखे आणि रक्तात मिसळतच नसे. म्हणजे औषध होतं, पण ते रोगापर्यंत पोहोचत नव्हतं. हा प्रश्न सुटला हवाई बेटांवर. फादर डेमियन ज्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये राहिले आणि त्याच रोगाने १८८९ साली गेले, त्याच हवाईमध्ये १९१५ साली अॅलिस बॉल नावाच्या तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीने तेलातल्या आम्लांचं रूप बदललं आणि ते शरीरात मिसळेल असं इंजेक्शन तयार केलं. पुढच्याच वर्षी ती वारली. तिचं काम दुसऱ्याने आपल्या नावावर चालवलं, आणि तिचं श्रेय तिला मिळायला अनेक दशकं गेली.

या इंजेक्शनांनी काही पेशंटांना बरं वाटे, पण रोग मुळातून जात नसे. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली, त्यांत डॅप्सोन हे गोळीचं स्वस्त औषध. पहिल्यांदाच कुष्ठरोग खरोखर आटोक्यात येऊ लागला. पण एकच औषध वर्षानुवर्षं, कधी नियमित कधी अनियमित, असं घेतल्यामुळे १९६० च्या दशकात डॅप्सोनला न जुमानणारे जिवाणू सापडू लागले. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफॅझिमिन एकत्र देण्याची शिफारस केली. एका औषधातून निसटलेला जिवाणू दुसऱ्याच्या हाती सापडतो, असा हा साधा हिशोब. या बहुऔषधी उपचारामुळेच कुष्ठरोग आज पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात फुकट बरा होतो. २००५ च्या अखेरीस भारतात रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. तरी जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण अजून भारतातच सापडतात.

कातडीची भिंत

आता नॅनोकणांकडे येते. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाचा एक केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, आणि जखमेत पू करणारा स्टॅफिलोकोकस हा जिवाणू सुमारे हजार नॅनोमीटरचा. त्याच्याही कितीतरी पट लहान कण तयार करून त्यांचा औषधासाठी वापर करायचा, अशी ही कल्पना.

त्याची गरज का पडली? १९५९ साली मेथिसिलिन हे अँटिबायोटिक आलं आणि दोनच वर्षांत त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस इंग्लंडमध्ये सापडला. आज एमआरएसए या नावाने तो हॉस्पिटलांत सगळीकडे ओळखीचा आहे. शिवाय असे जिवाणू जखमेवर चिकट थर करून एकत्र राहतात, आणि त्या थरातून औषध आत शिरत नाही. वरून कातडीचा बाहेरचा मृत पेशींचा थर आहेच. तो आपलं रक्षण करतो आणि मलमालाही अडवतो. म्हणजे अडचण भाऊ दाजींच्या तेलाचीच.

संशोधक दोन तऱ्हांनी काम करतात. एक तऱ्हा म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या बारीक कणांत औषध भरायचं. हे कण कातडीच्या थरांत मुरतात आणि औषध हळूहळू सोडतात. कुष्ठरोगाचा जिवाणू ज्या भक्षक पेशींत लपून बसतो, त्या पेशी असे कण आपण होऊन गिळतात. त्यामुळे औषध थेट जिवाणूच्या घरात जाऊ शकतं. डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिनची अशी रूपं प्रयोगशाळांत तयार केली गेली आहेत. दुसरी तऱ्हा चांदीची. चांदीचे कण विद्युतभारित अणू सोडतात, ते जिवाणूचं आवरण आणि आतली प्रथिनं बिघडवतात. भाजलेल्या जखमांवर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम १९६० च्या दशकापासून वापरात आहे, आणि नॅनो चांदीच्या पट्ट्याही १९९० च्या दशकापासून मिळतात. सुरत जरीचं शहर, चांदीची तार ओढणारी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गुजरातीत चांदी या शब्दाचा एक अर्थ जखम किंवा व्रण असाही होतो, हे मला फार गमतीचं वाटतं.

पण चांदीही जादू नाही. १९७५ साली अमेरिकेत बोस्टनच्या एका हॉस्पिटलात भाजलेल्या पेशंटांच्या वॉर्डात चांदीलाही न जुमानणारा जिवाणू सापडला होता. चांदी जास्त झाली तर माणसाच्या पेशींनाही त्रास होतो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत गुण देणारी कितीतरी नॅनो औषधं पेशंटपर्यंत पोहोचलेली नाहीत. कुठल्याही नव्या औषधाला तोच जुना रस्ता आहे. कृती उघड सांगायची, दुसऱ्यांना तपासू द्यायची, फसलं तर तेही छापायचं. भाऊ दाजी इथेच अडले होते.

आणि औषध घेणाऱ्यालाही आपला वाटा उचलावा लागतो. आमच्या भागात उन्हाळा-पावसाळ्यात घामाने, लूमखात्यातल्या दमट हवेत, नायटा घरोघरी असतो. लोक मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणतात. चार दिवस खाज थांबते, मलम बंद होतं, नायटा दुप्पट होऊन परत येतो. नायट्याची बुरशी जिवाणू नाही, पण हिशोब डॅप्सोनचाच. अर्धवट औषधाने नेमकी चिवट जात मागे उरते, आणि भारतात आता नेहमीच्या गोळीला दाद न देणारा नायटा डॉक्टरांना सर्रास दिसतो. उद्या नॅनो मलम आलं आणि तेही आपण असंच वापरलं तर त्याचंही तेच होईल.

राहिला प्रश्न लाजेचा. अंगावर बधिर चट्टा दिसला की आजही माणूस आधी तो लपवतो, मग डॉक्टरकडे जातो. तोवर हातापायाची नस गेलेली असते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यांत होतं, ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातसुद्धा. ते काढून टाकायला २०१९ साल उजाडलं. तोपर्यंत बहुऔषधी उपचार येऊन पस्तीसहून जास्त वर्षं झाली होती.

भाऊ दाजींच्या नावाचं संग्रहालय बघायला गेलात तर तिथली मातीची चित्रं आणि जुन्या मुंबईचे नकाशे जरूर बघा. ते बघताना त्यांच्या दवाखान्याबाहेर बसलेली माणसंही आठवा. कुणी त्यांना घरात घेत नव्हतं तेव्हा एका डॉक्टरने त्यांना आत बोलावलं, तपासलं आणि त्यांच्यासाठी जुनी पोथी नव्या नजरेने वाचली. आणि घरात कुणाच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा, फिका किंवा तांबूस चट्टा दिसला, तर त्यावर कुठलंही मलम लावत बसू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा. औषध तिथे आहे, फुकट आहे, आणि त्याचं नाव आता कुणी लपवत नाही.